पहिली बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफल कशी निवडावी

शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायची ठरली की चर्चा बहुधा काडतुसाच्या ताकदीपासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. रायफल खांद्याला नीट बसते का, गाल दस्त्यावर टेकला की डोळा आपोआप दुर्बिणीच्या मध्यावर येतो का, हातमोजा घातलेल्या हाताने सेफ्टी (चाप बंद ठेवणारी कळ) आवाज न करता सरकते का, हे प्रश्न मागे पडतात. वास्तविक पहिल्या रायफलीची खरी परीक्षा एकच आहे. तिच्यातून गोळी झाडताना डोळे मिटत नाहीत, खांदा आखडत नाही आणि म्हणूनच सराव टाळावासा वाटत नाही, अशी ती असली पाहिजे. पुढचा सारा क्रम याच कसोटीवर आखला आहे आणि जिथे ताकद व सहजता यांपैकी एकाची निवड करावी लागते, तिथे माझा कौल उघडपणे सहजतेच्या बाजूने आहे.

बोल्ट-ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हा दांडा हाताने मागेपुढे करून पुढचे काडतूस भरायची रायफल. नवशिक्याने तीच का घ्यावी, याचे उत्तर तिच्या साधेपणात आहे. बोल्ट मागे ओढला की चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती नळीच्या मागची पोकळी, डोळ्यांनी दिसते आणि बोटाने चाचपताही येते, त्यामुळे रायफल भरलेली आहे की रिकामी याबद्दल शंका उरत नाही. बहुतेक रायफलींतून बोल्ट पूर्ण बाहेर काढता येतो. मग नळी मागच्या बाजूने साफ करता येते, नळीतून आरपार पाहून दुर्बीण जुळवता येते आणि बोल्ट वेगळ्या कुलपात ठेवला की उरलेली रायफल निरुपयोगी होते. पाउल माउझर यांची १८९८ ची रचना आजही या प्रकाराचा पाया मानली जाते. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन मजबूत लग (बोल्टला जागी अडकवणारे उंचवटे), मागे तिसरा सुरक्षा-लग आणि पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, कडेला घट्ट धरून ती बाहेर ओढणारा लांब एक्स्ट्रॅक्टर ही तिची वैशिष्ट्ये थोड्याफार फरकाने अनेक आधुनिक रायफलींत सापडतात.

आधी जनावर, अंतर आणि कायदा

दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. कोणत्या जनावराची शिकार करायची आहे, ती कोणत्या प्रकारच्या भूभागात होणार आहे आणि तिथला कायदा काय सांगतो, या त्या तीन गोष्टी. हा लेख अर्थातच जिथे शिकारीला कायद्याने मुभा आहे आणि शस्त्राचा व शिकारीचा असे दोन्ही परवाने हाती आहेत, अशाच वाचकासाठी आहे.

कायद्याचा भाग कोरडा वाटला तरी तो काडतुसाची निवड थेट ठरवतो. जर्मनीत रो हरणासाठी (युरोपातील लहान जातीचे हरीण) गोळीत १०० मीटरवर किमान १००० जूल ऊर्जा असावी लागते, तर इतर खुरी जनावरांसाठी गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवरची ऊर्जा किमान २००० जूल असावी लागते. इंग्लंडमध्ये मोठ्या जातींच्या हरणांसाठी किमान .२४० इंच व्यास आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २३०० जूल ऊर्जा हवी. काही ठिकाणी शिशाच्या गोळ्यांवरही बंदी आहे. कॅलिफोर्नियात ती जुलै २०१९ पासून सर्व शिकारीसाठी लागू झाली आणि डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या गोळ्यांनाही ती लागू केली. अशा ठिकाणी तांब्याच्या गोळ्या वापराव्या लागतात. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवण्यासाठी नळीतील पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खोबणींचे वळण, पुरेसा घट्ट असावा लागतो, म्हणून हा मुद्दा रायफल घेण्यापूर्वीच पाहावा.

अंतराबाबत स्वतःशी प्रामाणिक राहावे. दाट झाडीत बहुतेक संधी १०० मीटरच्या आत मिळतात, तर मोकळ्या डोंगरउतारावर २०० ते ३०० मीटर हे अंतर नेहमीचे असू शकते. त्यापलीकडचे अंतर पहिल्या रायफलीचा विषय नाही.

काडतूस: सहज मिळणारे आणि सोसवणारे

मध्यम आकाराच्या हरणापासून रानडुकरापर्यंत पुरून उरतील अशी चार-पाच काडतुसे जगभर मिळतात. त्यांची वये पाहिली तरी लक्षात येते की या क्षेत्रात नवेपणाला फारसे महत्त्व नाही. .३०-०६ स्प्रिंगफील्ड १९०६ चे, .२७० विंचेस्टर १९२५ चे, .३०८ विंचेस्टर १९५२ चे, .२४३ विंचेस्टर १९५५ चे आणि ७ मिमी-०८ रेमिंग्टन १९८० चे आहे. ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये आले आणि अल्पावधीत या यादीत जाऊन बसले. .२४३ आणि ७ मिमी-०८ ही दोन्ही काडतुसे मुळात .३०८ च्याच पुंगळीची मान अरुंद करून तयार झाली आहेत. त्यामुळे ती आखूड ॲक्शनमध्ये, म्हणजे बोल्ट सरकतो त्या आखूड यंत्रणेत, बसतात. .३०-०६ आणि .२७० यांना लांब ॲक्शन लागते. लांब ॲक्शनच्या रायफलीचा बोल्ट थोडा अधिक अंतर सरकतो आणि वजनही किंचित वाढते. व्यवहारात हा फरक लहान आहे, मात्र आखूड हात असलेल्या नेमबाजाला तो जाणवतो.

ताकदीपेक्षा मोठा फरक धक्क्याचा आहे. साधारण साडेतीन किलोच्या रायफलीत .२४३ चा धक्का सुमारे १२ ते १५ जूल, ६.५ क्रीडमूरचा सुमारे १७, .३०८ चा २१ ते २४, .३०-०६ चा २७ च्या आसपास आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा ३५ जूलच्या वर जातो. गोळीचे वजन व रायफलीचे वजन बदलले की हे आकडे बदलतात, पण त्यांचा चढता क्रम तोच राहतो. मॅग्नमच्या, म्हणजे जादा ताकदीच्या काडतुसाच्या, धक्क्याने नवशिक्या चाप ओढण्याच्या क्षणी नकळत आखडतो, रायफल खाली दाबतो आणि डोळे मिटतो. एकदा ही सवय लागली की ती सोडवायला महिने जातात. ही आखड ओळखण्याची सोपी युक्ती आहे. जोडीदाराने तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मध्ये एखादे सरावाचे नकली काडतूस घालावे. त्यावर चाप ओढताच रायफलीचे तोंड झुकले, तर दोष रायफलीत नाही.

माझा सल्ला असा की फक्त हरीण हे लक्ष्य असेल आणि अंगकाठी लहान असेल तर ७ मिमी-०८ किंवा ६.५ क्रीडमूर घ्यावे, आणि हरणाबरोबर मोठे रानडुक्कर किंवा लाल हरीणही असेल तर .३०८ घ्यावे. .२४३ उत्तम असले तरी हलक्या गोळीमुळे नेम थोडाही चुकला तर ते कमी माफ करते आणि काही ठिकाणी मोठ्या जनावरांसाठी ते कायद्यातही बसत नाही. निर्णय पक्का करण्यापूर्वी आणखी एक चौकशी करावी. तुमच्या भागात त्या काडतुसाच्या किमान तीन-चार प्रकारच्या पेट्या वर्षभर मिळतात का, हे पाहावे. दुर्मीळ काडतुसाची सुंदर रायफल सरावाविना पडून राहते.

अंगाला बसते की नाही

रायफल निवडण्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे. दुकानात बोल्ट उघडून चेंबर रिकामे असल्याची खात्री करावी आणि शिकारीच्या वेळी घालणार असाल तेच जाड जॅकेट अंगात घालावे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर सहज टेकवावा आणि मगच डोळे उघडावेत. दुर्बिणीतले चित्र पूर्ण, गोल आणि काळ्या कडांविना दिसले पाहिजे. चित्र शोधण्यासाठी मान वर ताणावी लागत असेल, तर दस्त्याचा गाल टेकण्याचा भाग तुमच्यासाठी ठेंगणा आहे. डोके पुढे न्यावे लागत असेल, तर दस्ता लांब आहे किंवा दुर्बीण फार पुढे बसवली आहे. हा प्रयोग एकदा करून थांबू नये. मान वळवून, बसून, गुडघा टेकून आणि उभे राहून तो पुन्हा करावा, कारण शिकारीत टेबलावर बसून गोळी झाडण्याची संधी क्वचितच मिळते.

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर बहुतेक कारखानी रायफलींत सुमारे ३४ ते ३५ सेंटिमीटर असते. सरासरी उंचीच्या पुरुषाला जॅकेटविना ते जुळते, पण लहान बांध्याच्या व्यक्तीला, अनेक स्त्रियांना आणि जाड कपड्यांतल्या प्रत्येकालाच ते लांब वाटू शकते. लांब दस्ता काखेजवळ अडकतो आणि धक्का खांद्याच्या खळग्याऐवजी दंडाच्या सांध्यावर बसतो. आखूड दस्त्यात उजव्या हाताचा अंगठा नाकाजवळ येतो आणि दुर्बीण भुवईला लागण्याचा धोका वाढतो. दस्त्याच्या टोकाला चकत्या घालून किंवा काढून लांबी बदलता येते, अशा रायफली आता मध्यम किमतीतही मिळतात. नवशिक्यासाठी नक्षीदार लाकडापेक्षा ही सोय कितीतरी मोलाची आहे.

डावखुऱ्यांनी आणि ज्यांचा डावा डोळा प्रबळ आहे त्यांनी डाव्या बाजूचा बोल्ट असलेली रायफलच घ्यावी. उजव्या बोल्टवर हात वळवून काम भागते खरे, पण दुसऱ्या गोळीच्या वेळी चेहरा दस्त्यावरून उठतो आणि जनावर नजरेआड होते. आपला प्रबळ डोळा कोणता, हे तळहातांची लहान चौकट करून त्यातून दूरच्या वस्तूकडे पाहिल्यावर, एकेक डोळा मिटून लगेच कळते.

वजनाबाबत दोन्ही टोके टाळावीत. दुर्बिणीविना २.७ ते ३.४ किलो ही मर्यादा बहुतेकांना सोयीची जाते आणि दुर्बीण व ती बसवण्याचे माउंट मिळून त्यात अर्धा ते पाऊण किलोची भर पडते. अतिहलकी रायफल डोंगर चढताना सुखाची असते, पण तीच .३०८ मध्ये घेतली की धक्का जड रायफलीतल्या .३०-०६ ला गाठतो आणि दम लागलेल्या हातात ती स्थिरही राहत नाही.

बोल्ट, सेफ्टी आणि चाप हातात घेऊन पाहणे

बोल्ट मागे घ्यावा, पुढे ढकलावा आणि मूठ खाली दाबावी. दोन लगांच्या पारंपरिक बोल्टची मूठ साधारण ९० अंश उचलावी लागते. तीन लगांच्या बोल्टची मूठ ६० ते ७० अंशांत उघडते, पण स्प्रिंग कमी फिरण्यात ताणली जात असल्याने उचलताना थोडा अधिक जोर लागतो. कमी उचलीमुळे मूठ आणि दुर्बीण यांत बोटांना जागा मिळते. यांतील एक श्रेष्ठ, असे म्हणता येत नाही. रायफल खांद्यावर ठेवूनच, गाल न उचलता बोल्ट पूर्ण मागे घेऊन बंद करता येतो का, ते पाहावे. नवशिके बोल्ट अर्धाच मागे घेतात आणि मग रिकामी पुंगळी अडकली म्हणून यंत्राला दोष देतात.

काडतूस चेंबरमध्ये नेण्याच्या दोन पद्धती आहेत. माउझर पद्धतीत काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच एक्स्ट्रॅक्टर त्याची कड पकडतो, तर दुसऱ्या पद्धतीत बोल्ट काडतूस नुसते पुढे ढकलतो आणि बोल्ट बंद होताना एक्स्ट्रॅक्टर कडेवर बसतो. विंचेस्टर मॉडेल ७० हे १९३६ मध्ये पहिल्या पद्धतीने आले, १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवण्यासाठी दुसरी पद्धत स्वीकारली आणि तेव्हापासून ‘१९६४ पूर्वीची’ हे शब्द जुन्या रायफलींच्या बाजारात किंमत वाढवू लागले. १९६२ चे रेमिंग्टन ७०० मात्र याच दुसऱ्या पद्धतीचे असूनही अमाप खपले. अंगावर येणाऱ्या धोकादायक जनावरासाठी पहिल्या पद्धतीचा आग्रह समजण्यासारखा आहे. हरणाच्या शिकारीसाठी दोन्ही पद्धती विश्वासार्ह आहेत आणि या वादात पहिल्या खरेदीचा वेळ घालवू नये.

सेफ्टीकडे मात्र बारकाईने पाहावे. तीन स्थानांच्या सेफ्टीत मधल्या स्थानावर चाप बंद राहतो आणि तरीही बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढता येते. दोन स्थानांच्या काही सेफ्टींत बोल्टला कुलूप लागत नाही, त्यामुळे झुडपांतून जाताना मूठ उचलली जाऊ शकते. सेफ्टी पुढे सरकवताना खटका वाजतो का, तेही ऐकून घ्यावे.

चाप १.१ ते १.६ किलोच्या ताणात, खरखर न होता, काच तडकावी तसा स्वच्छ सुटला पाहिजे. दुकानदाराची परवानगी घेऊन, सुरक्षित दिशेने, रिकाम्या रायफलीवर तो पाच-सहा वेळा ओढून पाहावा. ताण बदलता येणारे चाप आता स्वस्त रायफलींतही असतात, पण १ किलोच्या खाली जाण्याचा मोह नवशिक्याने टाळावा, कारण थंडीत बधिर झालेल्या बोटाला तेवढा हलका ताण कळतही नाही.

मॅगझिन निघणारे असावे की आत बसवलेले, हा आवडीचा प्रश्न आहे. निघणाऱ्या मॅगझिनने रायफल चटकन रिकामी होते. त्याबरोबर एक जादा मॅगझिन घ्यावे, कारण ते हरवले की रायफल एकेका गोळीची होते.

नळी आणि दस्ता

.३०८ सारख्या काडतुसांसाठी ५० ते ५६ सेंटिमीटरची नळी पुरेशी आहे. नळी एक इंचाने आखूड झाली की वेग साधारण ६ ते ९ मीटर प्रतिसेकंद घटतो आणि शिकारीच्या अंतरावर जनावराला हा फरक कळत नाही. सायलेन्सर कायदेशीर असेल आणि लावायचा असेल, तर आखूड आणि तोंडाला आटे असलेली नळी घ्यावी. तो कानांचे रक्षण करतो आणि धक्काही कमी करतो. मझल ब्रेकने, म्हणजे नळीच्या तोंडाला बसवलेल्या, वायू बाजूला फेकणाऱ्या तुकड्याने, धक्का कमी होतो, पण आवाज बाजूला फेकला जातो. रायफलीचा आवाज मुळातच १५० डेसिबलच्या पुढे असतो आणि क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानली जाते, त्यामुळे कानांना संरक्षण हे प्रत्येक गोळीला हवेच.

नळी आणि दस्त्याचा पुढचा भाग यांमध्ये कागदाची पट्टी अडथळ्याविना सरकली पाहिजे. ती अडकली तर ओलाव्याने फुगलेले लाकूड किंवा वाकलेले प्लॅस्टिक नळीला टेकते आणि नेम सरकतो. सिंथेटिक दस्ता पावसापाण्याला सरस, अक्रोडाचा देखणा आणि थर चिकटवलेल्या लाकडाचा जड पण टिकाऊ असतो.

दुर्बीण आणि तिची बैठक

एकूण रकमेचा मोठा हिस्सा रायफलीवर घालून उरल्यासुरल्या पैशांत दुर्बीण घेण्याची प्रथा उलटी करावी. साधी पण अचूक रायफल आणि चांगली दुर्बीण ही जोडी, उंची रायफल आणि धुरकट दुर्बीण या जोडीला पहाटेच्या प्रकाशात सहज मागे टाकते. ३ ते ९ पट मोठे दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पहिल्या रायफलीसाठी पुरेशी आहे. ४० ला वाढीच्या पटीने भागले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ६ पटीवर तो सुमारे ६.७ मिलिमीटर होतो, म्हणजे अंधुक प्रकाशात पूर्ण उघडलेल्या बाहुलीला पुरेल एवढा. ९ पटीवर तो ४.४ वर येतो आणि चित्र काळवंडते. म्हणून झाडीत चालताना दुर्बीण नेहमी सर्वांत कमी पटीवर ठेवावी. डोळा आणि भिंग यांत किमान ९ सेंटिमीटर अंतर राहील अशी दुर्बीण निवडावी, नाहीतर भुवईवर अर्धचंद्राची खूण उमटायला वेळ लागत नाही.

माउंटवर कंजुषी करू नये. नेम सरकण्याच्या तक्रारींत सैल स्क्रू हे नेहमीचे कारण असते. स्क्रूचे आटे तेलविरहित करून, उत्पादकाने सांगितलेल्या ताणाला टॉर्क-पान्याने कसावेत.

जुनी रायफल घेताना

चांगली जुनी बोल्ट-ॲक्शन पिढ्यान्‌पिढ्या चालते, पण ती तपासून घ्यावी लागते. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरावी. आतले पीळ तोंडापर्यंत तीक्ष्ण दिसले पाहिजेत आणि खड्डे किंवा फुगीर काळी कडी दिसता कामा नये. नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली पाहावी, कारण तिथला एक छोटा ओरखडाही गोळीला बाहेर पडताना तिरके ढकलतो. दस्त्याला चापाच्या मागे आणि पुढच्या स्क्रूजवळ केसाएवढी चीर आहे का, ते पाहावे. चेंबरची खोली गेजने बंदूक-कारागिराकडून मोजून घ्यावी आणि नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव पेटीवरच्या नावाशी अक्षरशः जुळते का, ते वाचावे. ‘जवळपास तेच’ काडतूस जीव घेऊ शकते.

झिरो करणे आणि आपली मर्यादा शोधणे

झिरो करणे म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी फुलीच्या मध्यावरच लागेल अशी दुर्बीण जुळवणे. पहिल्या दिवशी नळीतले कारखानी तेल पुसून काढावे. बोल्ट काढून रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवावी, नळीतून २५ मीटरवरचे लक्ष्य मध्यावर आणावे आणि रायफल न हलवता दुर्बिणीची फुली त्याच बिंदूवर आणावी. मग २५ मीटरवर तीन गोळ्या झाडून १०० मीटरवर जावे. बहुतेक अमेरिकी दुर्बिणींत जुळवणीच्या चकतीचा एक खटका नेम १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर, तर अनेक युरोपीय दुर्बिणींत १० मिलिमीटर सरकवतो. म्हणजे गोळ्या ७ सेंटिमीटर डावीकडे पडत असतील, तर पहिल्या प्रकारात १० खटके आणि दुसऱ्यात ७ खटके उजवीकडे द्यावे लागतात. २५ मीटरवर तेवढीच चूक सुधारायला चौपट खटके लागतात. पातळ नळी लवकर तापते, म्हणून तीन गोळ्यांनंतर ती हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे.

एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. तेवढ्यात गोळ्या ठेवणारी रायफल सर्वांनाच हवी असते, पण दोन मिनिटांची रायफलसुद्धा २०० मीटरवर गोळ्या १२ सेंटिमीटरच्या आत ठेवते आणि मध्यम हरणाच्या हृदय-फुप्फुसाचे क्षेत्र २० सेंटिमीटरच्या आसपास असते. कमतरता रायफलीत क्वचितच असते. .३०८ ची १५० ग्रेनची (सुमारे ९.७ ग्रॅमची) गोळी १८० मीटरवर झिरो केली, तर ती ९० मीटरवर ५ सेंटिमीटर वर आणि २७० मीटरवर सुमारे २२ सेंटिमीटर खाली लागते. त्यामुळे १८० मीटरच्या थोड्या पुढेपर्यंत फुली थेट मध्यावर ठेवता येते.

तीन वेगवेगळ्या काडतुसांच्या पेट्या आणून प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्यांचे गट कागदावर घ्यावेत, कारण एकाच रायफलीला एक गोळी मानवते आणि दुसरी मानवत नाही. मानवलेल्या काडतुसाचा पेटीवरचा लॉट क्रमांक टिपून त्याच लॉटच्या आणखी काही पेट्या घ्याव्यात. त्यानंतर टेबल सोडावे आणि २० सेंटिमीटरच्या गोल कागदावर बसून, गुडघ्यावर आणि काठीच्या आधाराने उभे राहून पाच-पाच गोळ्या झाडाव्यात. ज्या अंतरावर पाचही गोळ्या कागदात राहतात, तेच त्या अवस्थेतले तुमचे शिकारीचे अंतर. ते उभ्याने ७० मीटर आणि बसून १५० मीटर निघाले, तर दोन्ही आकडे दस्त्यावर चिकटपट्टीने लावून ठेवावेत आणि प्रवासानंतर शिकारीला निघण्यापूर्वी १०० मीटरवर दोन गोळ्या झाडून झिरो पुन्हा तपासावा.